रिकामे कॅन

आधी खिडकी, मग पंखा, दिवा शेवटी.
हा क्रम मला डोळ्यांनी शिकवला.
रात्रभर कोंडलेलं फॉर्मलिन
दार उघडताच अंगावर येतं,
उधारी मागायला आल्यासारखं.

बाटलीवर नंबर, तारीख, नाव.
गालाच्या आतला तुकडा, डावी बाजू.
वय बेचाळीस. काम: विड्या वळणे.
दिवसाला हजार वळणाऱ्या बाईचा
तुरीच्या डाळीएवढा तुकडा.

सत्तर, नव्वद, शंभर.
अल्कोहोलच्या पायऱ्या चढत
तो अंगातलं पाणी सोडत जातो.
मग झायलीन. मग साठ अंशांचं मेण.
मे महिन्यात मेण गोठता गोठत नाही,
ब्लॉक बर्फावर पालथे घालून
मी डबा खाऊन घेते, बाहेर, कडुनिंबाखाली.
कडक भाकरी, शेंगांची चटणी,
आणि बोटांना तरीही तो वास.

सुरीवरून पट्टी उतरते, चार मायक्रॉनची.
श्वास धरायचा. फुंकर लागली की गेली.

नान्ना सूत रंगवायचे, चादरींचं.
कोपरापर्यंत लाल, लग्नाच्या फोटोतही.
म्हणायचे, रंग पुडीत नसतो गं, पाण्यात असतो.
हिमॅटॉक्झिलिनमधून काच काढते तेव्हा
ती जांभळी, नळाखाली धरली की निळी.
पुस्तकात त्यासाठी वेगळं द्रावण दिलंय.
आमचं जड पाणी पुरतं.
नान्नांना हे सांगायचं राहिलं.

संध्याकाळी ते हौद नाल्यात सोडायचे.
सोमवारी नाला जांभळा, गुरुवारी हिरवा.
आम्ही पोरं नाल्यावरून वार ओळखायचो.
पुढे जाऊन पातळ होतं सगळं, म्हणायचे.
परवा साहेबही हेच म्हणाले,
झायलीनच्या भरल्या कॅनकडे बघत:
गाडी येईना तर सोडा की सिंकमध्ये,
वर दोन बादल्या पाणी.
मी म्हटलं, दोन बादल्या कुठून आणू?

सिंकवर पाटी आहे. इथे काहीही ओतू नये.
मराठी आणि तेलुगू माझ्या हातचं,
कानडी ओळ मल्लव्वाच्या नातीनं लिहिली,
तिसरीतलं अक्षर, खाली एक फूल.

झायलीन वेगळं. अल्कोहोल वेगळं.
फॉर्मलिनचा कॅन भिंतीकडे, उन्हापासून लांब.
गाडी मंगळवारी येते म्हणतात.
हा तिसरा मंगळवार.

रिकाम्या कॅनवर मल्लव्वाची नजर असते.
बाई, द्या की हा पांढरा. झाकण घट्ट हाय.
पाच दिसानं पाणी येतंय, साठवू कशात?
राखेनं घासते, तीन येळा घासते.
मी नाही म्हणते.
मागच्या आवारात नेऊन
दाभण आणि हातोडीनं बुडाला भोकं पाडते,
चांगल्या, धडधाकट कॅनला.
ती खराट्याला टेकून बघत राहते,
ताटातलं अन्न कुणी सांडावं तसं.

तुमच्या आधीचे सर द्यायचे, ती म्हणाली.
घरी दोन हायत अजून. अकरा वर्षं झाली.
एकात वापरायचं.
दुसऱ्यात?
प्यायचं.

तीन पांढरे नवे कॅन मी मंगळवार बाजारातून घेतले.
शनिवारी ती जुने दोन घेऊन आली
रिक्षाने, मांडीवर धरून.
भरलेले.
काल पाणी आलं होतं ना,
ओतून कसं देऊ, म्हणाली.
चव तर काय वाईट नव्हती, बाई.

कुंडीत नको. सिंकमध्ये, पाटी आहे.
कडुनिंबाच्या बुंध्याशी गेले आणि परत आले.
शेवटी टाकाऊ द्रव्यांचं रजिस्टर उघडलं.
तारीख. प्रमाण: दहा लिटर.
प्रकार या रकान्यापाशी
पेन बराच वेळ थांबलं,
मग मी लिहिलं, पाणी.